शाळेची लाह

पालकसभेचं पत्रक मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. झेरॉक्स काढायला तळोद्याला जावं लागायचं, आणि माझं अक्षर सुरेख आहे असं लहानपणापासून सगळे सांगत आल्यामुळे त्याचा एक गर्वही होता. पहिली-दुसरीच्या प्रत्येक मुलामागे एक, असे सगळे कागद मी दोन संध्याकाळी बसून लिहून काढले. ‘सन्माननीय पालक, आपल्या पाल्याच्या सर्वांगीण विकासासाठी आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे.’ वेळ सकाळी अकराची. मी वर्गात सतरंजी अंथरली, फळ्यावर रंगीत खडूने ‘सुस्वागतम्’ लिहिलं, चहा करून थर्मासात भरून ठेवला.

साडेबारापर्यंत आलं कोण, तर एक शेळी आणि तिला हाकलायला आलेली एक बाई.

बाई पन्नाशीच्या आसपासची, काटक. शेळीला दाराबाहेर काढून ती परत आत आली, सतरंजीकडे बघितलं, थर्मासाकडे बघितलं, फळ्यावरच्या फुलांकडे बघितलं आणि म्हणाली, “कोनं लगीन शे?”

मी चिडूनच सांगितलं, की लग्न नाही, सभा होती, आणि तुमच्यापैकी एकालाही आपल्या लेकरांची पडलेली नाही. तिने चहा मागितला. मी दिला. तो फुंकून फुंकून पिऊन झाल्यावर तिने विचारलं, “तू कागद धाडा का?” मी म्हटलं, हो, धाडला. “वाचाले कोन शे?” असं म्हणून तिने कप सतरंजीवर उपडा ठेवला आणि शेळीमागे निघून गेली. मला ‘तू’ म्हणाली याचा राग मला दिवसभर पुरला. माझ्याशी ती आमच्या अहिराणीत बोलत होती, पण त्यांच्या पावरी बोलीत मोठ्या माणसालाही तूच म्हणतात, हे मला नंतर कळलं. या बाईला मी पुढे मावशी म्हणू लागले, म्हणून इथेही मावशीच म्हणते.

ही वसाहत धरणात गेलेल्या गावांची. धडगावच्याही पलीकडे, नर्मदेच्या काठाला डोंगरात यांची घरं होती. पाणी चढत गेलं तसतशी माणसं ट्रकमधून खाली सपाटीवर आणली गेली. कुणी फार वर्षांपूर्वी आलं, कुणी अगदी शेवटी, पाणी अंगणात आल्यावर. रस्त्याच्या एका बाजूला आमच्यासारख्या पिढीजात शेतकऱ्यांचं गाव, दुसऱ्या बाजूला वसाहत. सरकारी कागदांत त्यांच्या मुलांच्या नावापुढे ‘धरणग्रस्त’ लिहितात. माझं माहेर तिथून अर्ध्या तासावर, तापीकाठी. माझ्या माहेरची माणसं त्यांना ‘धरणवाले’ म्हणायची, आणि खोटं कशाला सांगू, विसरवाडीकडच्या शाळेत सात वर्षं काढून मी बदलीवर इथे आले तेव्हा मीही तेच म्हणत होते. हीच माणसं वडिलांच्या वावरात कापूस वेचायला रोजाने यायची. त्यांच्याबद्दल माझी माहिती एवढीच.

शाळा दोन खोल्यांची, शिक्षकही दोन. तिसरी-चौथी मुख्याध्यापक सरांकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे. पहिलीच्या मुलांना माझं एक अक्षर कळत नव्हतं. घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातली मराठी ओळखीची तरी वाटते. यांना तीही नाही. मी ‘बसा’ म्हटलं की उभी राहत, ‘उभे राहा’ म्हटलं की घरी पळत. आठवड्याभरात वर्ग निम्मा रिकामा झाला. सर म्हणाले, “पत्रक काढा.” मी पत्रक काढलं. पुढचं सांगितलंच.

चारेक दिवसांनी मावशी पुन्हा आली, या वेळी शेळीशिवाय. पहिलीत तिची नात होती. दाराच्या चौकटीला टेकून तिने थोडा वेळ माझं शिकवणं ऐकलं. मुलं भिंतीकडे बघत होती. मी घसा ताणून ‘आई’ आणि ‘आगगाडी’ करत होते. मधेच ती म्हणाली, “तू एकलीच वरडी ऱ्हायनी. लाह बोलाव ना.”

मी विचारलं, लाह म्हणजे काय? तिने सांगितलं ते असं. कुणाला घर उभं करायचं असेल, शेत निंदायचं असेल, एकट्याच्याने न होणारं कुठलंही काम असेल, तर तो लाह बोलावतो. घरटी एक माणूस आपापलं हत्यार घेऊन येतो. मजुरी नाही. बोलावणाऱ्याने त्या दिवशी जेवण द्यायचं. मला ही कल्पना फारच आवडली. फुकटात काम आणि वर डाळ-भाकरीत भागतंय, यापेक्षा मास्तरणीला आणखी काय हवं असतं! मी पुढचं काही विचारलं नाही. अर्धीच गोष्ट ऐकून उड्या मारायची माझी जुनी खोड आहे.

“पण बोलवायचं कसं? पुन्हा कागद?”

“मी जासू घरोघर,” मावशी म्हणाली.

श्रावणातल्या त्या शनिवारी शाळेच्या फाटकाशी माणसं जमलेली बघून सर चष्मा पुसायला लागले. पहारी, कुऱ्हाडी, विळे, टोपल्या घेऊन सगळी वसाहत उभी होती. पुढे कारभारी. कारभारी म्हणजे वसाहतीतले थोरले आजोबा. तिथे भांडण असो की लग्न, शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी मला एकच विचारलं, “काय काय करनं शे?” मी यादी वाचली: मैदानातलं गवत, कुंपण, खिचडीच्या शेडचं गळणारं छप्पर, आणि (इथे माझा आवाज जरा खाली गेला) पहिलीच्या वर्गात रोज कुणीतरी बसेल का, मुलांना समजावून सांगायला. कारभारींनी मान हलवली. दुपारपर्यंत गवत गेलं, कुंपण झालं, छप्पर सारखं झालं. मी आणि खिचडी शिजवणाऱ्या ताईंनी उडदाची डाळ आणि मक्याच्या भाकरी केल्या. माझ्या भाकरी बघून बायका एकमेकींना कोपरं मारत होत्या. खाल्ल्या मात्र सगळ्या.

आणि सोमवारपासून खरोखरच वर्गात पाळी सुरू झाली. एक दिवस एका घरची बाई, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या. मी ‘बसा’ म्हणे, ती तिच्या बोलीत म्हणे, मुलं बसत. मी चित्र दाखवी, ती त्याचं नाव सांगे, मुलं आधी तिचं नाव म्हणत, मग माझं. भाजीचा गाडा घेऊन फिरणारा एक बाप आपल्या पाळीला तराजूच घेऊन आला आणि मुलांना बटाटे मोजायला लावले. जी नुसती गप्प बसून राही, तिच्या मांडीवर निदान दोन मुलं झोपत. वर्ग भरला. मला सकाळी शाळेत जायची घाई व्हायला लागली. माझ्या सगळ्या नोकरीत असं त्याआधी कधी झालेलं नव्हतं.

मावशीची पाळी असली की अंक आपण शिकवायचे नाहीत, ते तिचे, हे मी लवकर शिकले. तिच्या पत्र्याच्या शेडमागे प्लास्टिकच्या कागदाखाली सागाचे बारा खांब रचून ठेवलेले होते. डोंगरातल्या तिच्या घराचे. तिचं घर सगळ्यांत शेवटी निघालं. पाणी यायच्या आधी नवऱ्याने घर खांब खांब उतरवून काढलं, होडीतून आणि मग ट्रकातून खाली आणलं; पण ते पुन्हा उभं करायच्या आधीच तो गेला. तेव्हापासून ती पत्र्याखाली राहत होती. मुलगा आणि सून मजुरीला गुजरातेत, घरी ती आणि नात. मुलांना ती एकेक खांब सांगायची. पहिला दाराचा. दुसरा जिथे कणगी होती तिथला. तिसऱ्याला म्हशीने शिंग घासून खळगा पाडलेला. पाचव्याला पाळणा बांधत. असं बारापर्यंत. आमची पहिली बारापर्यंत अचूक मोजायची. तेरावरून मात्र गाडी अडायची, कारण तेरावा खांब नव्हता. डोळे मिटून बारा म्हणताना मावशीचा चेहरा असा काही व्हायचा की मी फळ्याकडे वळून उगीचच काहीतरी पुसत बसायचे.

दिवाळीची सुट्टी संपली. एका शनिवारी शाळा सुटताना कारभारींच्या घरचा माणूस फाटकाशी थांबला आणि रस्त्याने जाता जाता सांगावं तसं म्हणाला, “बाई, उद्या ज्वारी कापनी शे. आमनी लाह शे.” मी हसून म्हटलं, “अरे वा, छान!” मावशी माझ्या शेजारी उभी होती. ती त्याला म्हणाली, “येई ती.” मला वाटलं, गंमत करतेय. मी पाटलाची लेक, माझ्या घरच्या वावरातही मी कधी विळा हातात धरलेला नाही. मी हसले आणि गाडीला किल्ली लावली.

दुसऱ्या दिवशी शहाद्याला चुलत बहिणीचा साखरपुडा होता. आम्ही सगळे भाड्याच्या गाडीतून निघालो. मी पैठणी नेसलेली, केसांत गजरा. वसाहतीजवळ रस्त्याला लागूनच कारभारींचं शेत. ओळीने माणसं वाकून कापत होती; मावशीची लाल ओढणी मी लांबून ओळखली. मला इतका आनंद झाला की मी ड्रायव्हरला गाडी हळू करायला लावली, काच खाली केली आणि जोरजोरात हात हलवला. काही जणांनी मान वर करून बघितलं. कुणी हात हलवला नाही. मला वाटलं, हातात विळे आहेत, कसे हलवतील.

सोमवारी वर्गात कुणी आलं नाही. मंगळवारी मावशी आली. तिची पाळी नसताना. बुधवारीही तीच. मग तीही यायची थांबली. मुलं पुन्हा भिंतीकडे बघायला लागली, मग घरी पळायला लागली. मी सरांपुढे तणतण केली. “या लोकांना सातत्यच नाही सर. चार दिवस उत्साह, मग जैसे थे.” सर म्हणाले, “पत्रक काढू का?” त्यांच्यावरही मी चिडले.

दोन महिने मी याच तोऱ्यात काढले. आज ते आठवलं की कानशिलं तापतात. शेवटी मावशीची नातही आठवडाभर आली नाही, तेव्हा तिला चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून मी वसाहतीत गेले. मावशी शेडमागे होती. प्लास्टिक बाजूला काढून खांब एकेक करून उलटेपालटे करत होती. सगळ्यांत खालच्या खांबाला तिने बोट लावलं तर बोट आत गेलं. वाळवी. माती झाली होती त्याची.

“यंदा उभं करनं पडी,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “नही ते बाकीना बी जाई.”

“मग करा ना. होळीला सगळे परत येतील. लाह बोलवा,” मी आपली शहाणपणाने बोलले.

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. “तुन्ही लाह मी बोलावी. घरोघर गयी. सगळास्नी इचारं, ती येई का आपली लाहले? मी बोलनी, येई ती.” बोटावरची वाळवीची माती पुसत म्हणाली, “तू उनी नही. हात दखाडीसन गयी.”

तेव्हा कुठे मला न विचारलेली उरलेली अर्धी गोष्ट कळली. जो लाह बोलावतो, त्याने दुसऱ्याच्या लाहला जायचं असतं. बोलावणं एवढंच, फाटकाशी जाता जाता सांगितलेलं. त्यासाठी पत्रक नसतं आणि कुणी आग्रह करत नाही, कारण न येण्याचा प्रश्नच नसतो. आणि परक्या माणसासाठी जो घरोघर फिरतो, तो त्याच्या वतीने शब्द देतो. मावशीने माझ्यासाठी शब्द दिला होता. मी तो पैठणी नेसून गाडीतून हात हलवत मोडला होता. आता कोणत्याही दारात तिचा शब्द चालत नव्हता. खांब उभे करायला वीस-पंचवीस गडी लागणार होते, आणि तिच्याच्याने पाच जमतील याचीही खात्री नव्हती.

“आते मन्ही लाहले कोन येई?” तिने मला विचारलं नव्हतं, खांबालाच विचारलं असावं.

मी म्हटलं, मला कुणी नीट सांगितलं नाही हो मावशी. ती म्हणाली, “सांगं ना. फाटकपाशी सांगं.” मग मी विचारलं, आता काय करू? “माले काय इचारस? ज्याना दिवस व्हता त्याले इचार.”

मी तशीच कारभारींच्या शेतात गेले. ज्वारी केव्हाच घरात गेली होती. शेजारच्या तुकड्यात कापसाच्या पऱ्हाट्या उपटायच्या राहिल्या होत्या. मी वाटेत जुळवलेलं माफीचं भाषण सुरू केलं. त्यात ‘गैरसमज’ आणि ‘दिलगीर’ असे शब्द होते. कारभारी ऐकत नव्हते. ते माझ्या हातांकडे बघत होते. भाषण संपल्यावर म्हणाले, “हत्यार कोठे शे?”

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी माहेरी गेले आणि आईकडे पऱ्हाट्या उपटायचा चिमटा मागितला. आईला आधी वाटलं, कुणा शेजाऱ्याला हवाय. मग कळल्यावर ती ओट्यावरच बसली. “कोना वावरमां जाशी? धरणवालास्ना? अवं, आपला वावरमां तू कधी पाय ठेवा नही! तुले बाईर काढं, शिकाडं, ते याना करता का?” मी सगळं सांगितलं. साखरपुड्याच्या दिवशी हात हलवल्याचंही सांगितलं. वडील बाजेवर पेपर वाचत होते. या लोकांना सरकारने आपल्या उरावर आणून बसवलं, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. ते उठले, गोठ्याकडे गेले. मला वाटलं, चिडून गेले. मी कोपऱ्यातला मोठा चिमटा उचलत होते, तेवढ्यात ते दुसरा घेऊन आले, जुना, दांडा हाताने झिजलेला. “तो जड शे,” म्हणाले. “हाऊ ली जाय.”

शनिवारी सकाळची शाळा आटोपून मी कारभारींच्या शेतात उतरले. पऱ्हाटी चिमट्यात धरून खाली दाब द्यायचा की मुळासकट वर येते, एवढंच ते काम. दहाव्या पऱ्हाटीला तळहात चरचरला, चाळिसाव्याला फोड आला, पुढचं मोजायचं मी सोडून दिलं. कारभारींची सून आधी तोंडाला पदर लावून हसली, मग तिला राहवलं नाही. येऊन तिने मला पाय कसे ठेवायचे ते दाखवलं. कारभारी बांधावर बसून होते. दुपारी भाकरी आली, माझ्याही हातावर पडली. हात इतका सुजला होता की भाकरी मोडता येईना. मी ती तशीच तोंडाला लावून खाल्ली. रविवारी पुन्हा गेले. रस्त्याने जाणाऱ्या एसटीतून आमच्या गावच्या बायका वळून वळून बघत होत्या. बघोत, म्हटलं.

रविवारी दिवस कलल्यावर कारभारी उठून माझ्यापाशी आले. “तू एक दिवस चुकनी,” ते म्हणाले. “दोन दिवस कसाले करना?”

“दुसरा, हात दाखवला त्याचा,” मी म्हटलं.

ते हसायला लागले, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि सुनेला ओरडून त्यांच्या बोलीत ते सांगितलं. ती पऱ्हाट्यांच्या ढिगावरच बसली. मी पण हसले. कधी रडायला लागले ते मला कळलं नाही.

एवढ्याने सगळं जुळून आलं असं मात्र झालं नाही. वर्गात कुणी यायला लागलं नाही. होळी झाली, गुजरातेतली माणसं परतली, मावशीचे मुलगा-सून आले. मावशीने लाह बोलवायचं ठरवलं तेव्हा घरोघर मी गेले. तिने पाठवलं नाही. मीच म्हटलं, मी जाते. प्रत्येक दारात तेच सांगितलं: “रविवारी मावशीची लाह आहे.” लोक ऐकून घेत. येतो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. मी एका घरी चुकून ‘नक्की या हं’ म्हणाले, तर त्या घरची बाई माझ्याकडे अशी बघायला लागली की मी जीभ चावली.

रविवारी तांबडं फुटताच मी पोचले. मावशीच्या मुलाने खड्डे खणून ठेवले होते. आम्ही चौघं, मी धरून. मावशीने रात्रीच डाळ भिजत घातली होती, तीस माणसांची. मोठ्या पातेल्याकडे बघवत नव्हतं. ऊन अंगणात उतरलं तरी कुणी नाही. मावशी खांबांना तेल लावत होती. अकरा खांब. उरलेला एक, कणगीजवळचा, वाळवीने खाल्लेला, तो एका बाजूला झोपवून ठेवलेला. मी मनात म्हटलं, कुणी आलं नाही तर हिच्या डोळ्याला डोळा मी या जन्मात देऊ शकणार नाही.

आधी आवाज आला. चार माणसं पावलं जुळवून चालली की येतो तसा. वळणावरून कारभारी दिसले, पहार घेऊन, आणि त्यांच्या मागे चौघांच्या खांद्यावर सागाचा एक खांब. त्यामागे बाकीची सगळी, पहारी, दोरखंड, कुऱ्हाडी घेतलेली. खांब अंगणात उतरवून कारभारी मावशीला म्हणाले, “आमना घरना शे. एक उरी गयथा.” त्यांचंही घर असंच खांब खांब उतरवून आणलेलं, आणि इथलं घर लहान बांधल्यामुळे हा उरला होता. वाळवीचं त्यांना कुणी सांगितलं मला माहीत नाही. मी सांगितलं नव्हतं.

दुपार कलेपर्यंत बारा खांब उभे राहिले. कुठला कुठे ते मावशी बोटाने दाखवत होती. विचारावं लागत नव्हतं. कारभारींचा खांब तिने कणगीच्या जागी घेतला. मी बायकांबरोबर पाणी आणि माती वाहिली. माझ्या भाकरी या वेळी कुणी करू दिल्या नाहीत. वर आढं चढलं तेव्हा आमची पहिली खाली उभी राहून खांब मोजत होती, आधी त्यांच्या बोलीत, मग माझ्या. बाराला पोचल्यावर सगळ्यांनी मिळून ओरडून बारा म्हटलं, आणि मावशीने, जिला मी कधी रडताना बघितलं नव्हतं, दाराच्या खांबाला कपाळ टेकवलं.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या दिवशी मी वर्गात गेले तर मावशी नव्या पहिलीच्या पोरांना घेऊन आधीच बसलेली. पाळी कुणी लावली, मला विचारू नका. दुसऱ्या दिवशी दुसरी बाई आली, तिसऱ्या दिवशी बटाट्याचा तराजू आला. सरांनी पालक-सहभागाच्या अहवालात काय लिहू असं विचारलं. मी म्हटलं, लिहा की शिक्षिका अधूनमधून उपयोगी पडतात.

परवाची गोष्ट. शनिवार, शाळा सुटत आलेली, पहिलीत मावशीची पाळी. मी मुलांच्या वह्या गोळा करत होते. फाटकाशी एक माणूस क्षणभर थांबला आणि जाता जाता म्हणाला, “बाई, उद्या निंदनी शे. आमनी लाह शे.” मी तोंड उघडायच्या आत मावशी आतून, मुलीची वेणी घालता घालता, मान वर न करता म्हणाली,

“येई ती.”

तो थांबलाही नाही. पुढच्या दाराकडे गेला. निंदणीचे दिवस लागले म्हणून विळा मी शुक्रवारीच माहेरहून आणून घरी दाराशी ठेवला होता. पण मला आठवतंय ते एवढंच, की वह्या हातात तशाच धरून मी उभी राहिले होते, आणि मावशीने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.